काचा पुसणाऱ्या पोरानं गाड्या धुतल्या, तर बिघडलं कुठं?

(पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण अर्ध्यावर सोडून भांडायला येऊ नका.)

गेल्या महिन्यात आमच्या घरची एक सोयरीक मोडली. मुलगा माझा भाचा. वय २६, बी.ए. झालेला, निर्व्यसनी. मुलीकडचे लोक आपल्याच नात्यागोत्यातले, जातीपातीचा काही प्रश्न नव्हता. हुंड्याचाही नव्हता. पाहुणे चहा पिऊन गेले आणि दोन दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला, "पोट्टा चांगला आहे जी, पण लोकायच्या गाड्या धुतो म्हणे."

भाचा नेरमध्ये दुकानांच्या काचा पुसायचं काम करतो. आधी दोन वर्षं पुण्यात एका ठेकेदाराकडे होता, मोठमोठ्या ऑफिसांच्या काचा साफ करायचा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये गावी आला तो परत गेलाच नाही. येताना सोबत रबरी पट्टीचे दोन वायपर, एक लांब दांडा आणि हातातलं कसब घेऊन आला. अमरावती-यवतमाळ रोडवर आता काचेची दुकानं कमी नाहीत. कापडवाले, मोबाईलवाले, दवाखाने, पतसंस्था. सकाळी सात ते दहा, दुकानं उघडायच्या आत हा काचा चकाचक करून ठेवतो. २४ दुकानं, सरासरी ४०० रुपये महिना, म्हणजे ९,६०० रुपये. पण दहानंतर दिवसभर हात रिकामे. म्हणून यंदा त्यानं ठरवलं की त्याच दुकानदारांच्या गाड्या आतून-बाहेरून साफ करून द्यायच्या. घरी जाऊन किंवा दुकानासमोर.

निरोप आला त्या दिवशी मीही त्याला बोललो. खोटं कशाला सांगू. म्हटलं, "काचा पुसत होता तोवर ठीक होतं, हे गाड्या धुवायचं कुठून काढलं?" तो शांतपणे म्हणाला, "मामा, काच दुकानाची असली त धंदा, अन् गाडीची असली त हमाली, असं कुठं लिहून आहे का?"

मला उत्तर देता आलं नाही. त्या रात्री मी वाचायला बसलो. इतिहासाचा नाद जुना आहे. जे सापडलं, आठवलं, जुळलं ते इथे मांडतो.

आधी एक गोष्ट मान्य करू. जोडधंदा ही काही सरकारने किंवा बचत गटाने शोधून काढलेली भानगड नाही. आपल्या गावगाड्यात प्रत्येक बलुतेदाराला जोडकाम होतंच. त्रिंबक नारायण आत्रे यांचं 'गावगाडा' हे पुस्तक १९१५ सालचं. आत्रे महसूल खात्यातले माणूस, खेडं आतून पाहिलेले. ते लिहितात घाटावरच्या खेड्यांबद्दल, वऱ्हाडात नावं आणि हक्क थोडे वेगळे, पण सांगाडा तोच. न्हावी हजामत करायचा, ते त्याचं मूळ काम. पण लग्नात मशाल धरायची न्हाव्यानं, आमंत्रणं सांगत फिरायचं न्हाव्यानं, पाहुण्याचे अंग चेपायचे न्हाव्यानं. गुरव देवळात पूजा करायचा आणि गावजेवणाला पत्रावळीही पुरवायचा. परीट, ज्याला आपल्या विदर्भात वरठी म्हणतात, तो कपडे धुवायचा आणि लग्नात नवरा-नवरीच्या पायाखाली पायघड्याही अंथरायचा.

हे वाचताना माझ्या डोक्यात एक गोष्ट आली. ही जोडकामं कुणी डोळे मिटून वाटलेली नव्हती. न्हावी घरोघरी जाणारा माणूस, त्याला प्रत्येक उंबरठा माहीत, म्हणून निरोप त्याच्याकडे. परिटाकडे स्वच्छ कापड कायम हाताशी, म्हणून पायघड्या त्याच्याकडे. गुरव बेल-पत्री आणायला रानात जाणारच, म्हणून पत्रावळी त्याच्याकडे. तेच गिऱ्हाईक, तेच सामान, तीच वाट, आणि मूळ कामातून उरलेला वेळ. जोडधंद्याचं शास्त्र म्हणतात ते एवढंच. आपल्या पणजोबांना ते बिनशिकता कळत होतं.

पण आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर ही पोस्ट जुन्या काळाची आरती होईल.

त्या व्यवस्थेत तीन गोष्टी नव्हत्या. एक, दर नव्हता. खळ्यावर ज्वारीची रास पडली की बलुतेदारानं जायचं आणि शेतकरी हातानं जे घालेल ते घ्यायचं. हक्क ठरलेला असला तरी माप देणाऱ्याच्या हातात. दोन, 'नाही' म्हणायची सोय नव्हती. पाहुणा आला, साहेब आला, तर बोलावणं आल्याबरोबर जायचं. आणि तीन, निवड नव्हती. परिटाच्या पोरानं म्हणावं की मला सुतारकाम जमतं, तर ते चालायचं नाही. महारांच्या वाट्याला तर सरकारी आणि गावकीची बिनमोबदल्याची राबणूक आली. त्या वतनाच्या जोखडाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात विधेयक आणलं. ही कनिष्ठ गावकी वतनं कायद्यानं जायला १९५८ चा कायदा यावा लागला. म्हणजे बाबासाहेबांचं विधेयक आलं तेव्हा जन्मलेलं पोर तोवर तिशीला आलं होतं.

आपल्या वऱ्हाडात मात्र ही वीण बाहेरूनही उसवत होती. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी झाली, तिकडचा कापूस बंद झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर आपल्या काळ्या मातीवर पडली. रेल्वे आली, जिनिंग-प्रेसिंग आले. तेव्हाचा आपला जिल्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जायचा, १९०५ मध्ये तो यवतमाळ झाला. शकुंतला दारव्ह्यावरून यवतमाळला गेली, नेर रुळापासून बाजूला राहिलं. आपलं सगळं जगणं सडकेवर. आधी बंडीची सडक, मग मोटारीची. पण रुळावर असो की सडकेवर, कापसानं एक गोष्ट सगळीकडे पोचवली, ती म्हणजे रोकड. रोकड आली की माणूस विचारतो, किती देशील? बलुत्यात हा प्रश्नच नव्हता.

आता काचेकडे वळू.

तुमच्या-आमच्या जुन्या घरांना काचेच्या खिडक्या होत्या का? आठवा. लाकडी झडपा आणि लोखंडी गज. ऊन आलं की झडप लावायची, वारा हवा तर उघडायची. घरातली पहिली काच खिडकीला नाही, कंदिलाला आली. तळेगावचा पैसा फंड काच कारखाना १९०८ चा. अंताजी दामोदर काळे नावाच्या माणसानं घरटी एक पैसा मागून स्वदेशी उद्योग उभा करायचं वेड घेतलं, लोकमान्य टिळकांनी पाठबळ दिलं, त्यातून तो उभा राहिला. मग १९१६ मध्ये कराडजवळ ओगल्यांचा कारखाना निघाला, त्या जागेचं नावच ओगलेवाडी पडलं. त्यांचा प्रभाकर कंदील महाराष्ट्रभर गेला. त्या कंदिलाची काच रोज संध्याकाळी राखेनं पुसायची आणि ते काम घरातल्या लहान पोरांचं, कारण मोठ्यांचा हात आत जायचा नाही. मी स्वतः पुसल्या आहेत. एकदा फोडली तेव्हा आईचा मारही खाल्ला. तेव्हा काच पुसणं हलकं काम आहे असं कुणी म्हणालं नाही. उजेड पाहिजे तर पुसा.

तिकडे विलायतेत काचेचं प्रकरण वेगळंच. इंग्लंडात १६९६ मध्ये खिडक्यांवर कर बसवला. जितक्या खिडक्या जास्त तितका कर जास्त. लोकांनी काय करावं? खिडक्या विटांनी बुजवल्या! तशा बुजवलेल्या खिडक्या तिथल्या जुन्या घरांना अजून दिसतात. हा कर उठला १८५१ मध्ये. काचेवरचा कर त्याआधी १८४५ मध्ये गेला होता. आणि त्याच १८५१ साली लंडनच्या हाईड पार्कात सगळा काचेचा महाल उभा राहिला, क्रिस्टल पॅलेस. काच स्वस्त झाली, घरोघरी मोठ्या खिडक्या आल्या, कोळशाच्या धुरानं त्या काळ्या पडू लागल्या आणि त्या पुसणाऱ्यांचा धंदाच तयार झाला. शिडी, बादली, फडकं घेऊन ठरलेल्या घरांची ठरलेल्या दिवशी फेरी. ही फेरी तिथे विकली जाते बरं का. धंदा सोडणारा माणूस आपली बांधलेली गिऱ्हाइकं दुसऱ्याला पैसे घेऊन देतो.

हे वाचून मी हसलो. कारण आपल्याकडेही बलुत्याचं वतन गहाण पडायचं, विकलं जायचं, भावाभावात वाटलं जायचं. तशी जुनी कागदपत्रं आहेत. विलायतेतला काचा पुसणारा आणि आपला वतनदार परीट, दोघांचीही मिळकत एकच : कोणती घरं आपली ते. फरक एवढाच की तिथे ती फेरी कुणीही विकत घेऊ शकतो, त्यासाठी जात लागत नाही.

आपल्याकडे सपाट मोठी काच स्वस्त झाली ती अलीकडे. वितळलेल्या कथलावर काच तरंगवून आरशासारखी गुळगुळीत पाटी काढायची युक्ती इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीनं १९५९ मध्ये जाहीर केली. तसले कारखाने आपल्याकडे १९९० च्या दशकात तळोज्याला, गुजरातेत अंकलेश्वरला आले. त्यानंतर तालुक्याच्या गावातही दुकानाची लाकडी फळी जाऊन काचेचं दार आलं. म्हणजे माझ्या भाच्याचा मूळ धंदा नेरसाठी एका पिढीइतकाही जुना नाही. त्याच्यावर कोणत्याही जातीचा शिक्का नाही, कारण शिक्का मारणाऱ्यांच्या काळात तो नव्हताच.

आणि गाडी धुणं?

हे सांगायला माझे वडील आठवावे लागतात. बाबा वयाच्या तेराव्या वर्षी ट्रकवर लागले, क्लीनर म्हणून. आपल्याकडे लोक 'किन्नर' म्हणत. कापसाच्या गाठी वाहणारा ट्रक. पहाटे उठून ट्रक धुवायचा, रद्दी पेपर ओला करून पुढची काच पुसायची, टायरला हातोडी मारून हवा पाहायची, उतारावर थांबलं की चाकाला ओट लावायची. पावसाळ्यात वायपर बंद पडला की काचेवर तंबाखू चोळायचे. पाणी काचेवर पसरतं, थेंब धरत नाही, रस्ता दिसतो. हे बाबांनी मला दाखवलं होतं. झोपायचं ट्रकच्या टपावर नाहीतर खाली. पगार म्हणजे उस्तादाच्या मर्जीवर. आठ वर्षांनी त्यांच्या हातात स्टेअरिंग आलं.

१९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा होता. त्यात ड्रायव्हर, कंडक्टर यांच्या जोडीनं 'क्लीनर' हा शब्द स्पष्ट लिहिलेला होता. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास, लहान मुलाला कामावर ठेवायचं नाही, सगळं होतं. पण कायदा लागू व्हायचा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी. बाबांच्या मालकाकडे दोनच ट्रक. त्यामुळे कायद्याच्या पुस्तकात क्लीनर कामगार होता आणि आमच्या घरातला क्लीनर मात्र नुसता पोऱ्या.

बाबांना 'किन्नर' म्हटलेलं शेवटपर्यंत आवडलं नाही. म्हणून मला शाळेत घातलं, मास्तर केलं. आणि मी काय केलं? त्यांच्याच नातवाला म्हणालो, गाड्या धुवायचं कुठून काढलं. मला लागलं ते हे. सोयरीक मोडण्याचं दुःख बहिणीला झालं, मला लाज माझी वाटली.

मोटार धुण्याचा धंदा जगात नवा नाही. अमेरिकेच्या डेट्रॉईट शहरात १९१४ च्या सुमारास एक दुकान निघालं, त्याचं नाव 'ऑटोमोबाईल लाँड्री'. मोटारींची लाँड्री! गाडी ढकलत पुढे न्यायची, एक जण साबण लावणार, दुसरा धुणार, तिसरा पुसणार. त्याच्या आधी, १९०३ मध्ये मेरी अँडरसन नावाच्या बाईनं काचेवरचं पाणी निपटणाऱ्या पट्टीचं पेटंट घेतलं होतं. आज भाच्याच्या हातात जो रबरी वायपर आहे आणि आपल्या गाडीच्या काचेवर जो फिरतो, दोघांचं काम एकच. १९५० मध्ये जर्मनीत कार्शर कंपनीनं जोराच्या गरम पाण्याचं यंत्र काढलं, त्याची नातवंडं-पतवंडं आज आपल्या प्रत्येक वॉशिंग सेंटरवर घुं-घुं करतात. इंग्लंडात गाडी आतून-बाहेरून साफ करण्याला 'व्हॅलेटिंग' म्हणतात. व्हॅलेट म्हणजे मालकाचे कपडे झटकून, इस्त्री करून ठेवणारा खासगी नोकर. घ्या, तिथेही फिरून परिटाच्या दारातच आलो.

आणि आपण? आपण तर वाहन धुण्याला सण करणारे लोक. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी. बैल नदी-नाल्यावर नेऊन घासून-घासून धुवायचे, खांद्याला हळद-लोणी चोळायचं, दुसऱ्या दिवसाचं आवतन द्यायचं. ते काम गडीही करायचा आणि मालकही करायचा. पाटलाच्या पोरानं बैल धुतला म्हणून पाटलाची सोयरीक मोडल्याचं कुणी ऐकलंय का? दसऱ्याला आपण मोटारसायकल धुतो, ट्रॅक्टर धुतो, झेंडू बांधतो. म्हणजे स्वतःचं वाहन धुतलं तर पूजा, आणि दुसऱ्याचं पैसे घेऊन धुतलं तर कमीपणा. घोटाळा धुण्यात नाही, 'दुसऱ्याचं' या शब्दात आहे. दुसऱ्याची घाण काढणारा खालचा, ही गाठ आपल्या डोक्यात फार जुनी आहे.

ही गाठ सोडवायला आपल्याच वऱ्हाडात एक माणूस झाला. डेबूजी झिंगराजी जाणोरकर, जन्म २३ फेब्रुवारी १८७६, शेंडगाव, अमरावती जिल्हा. परिटाच्या घरातला. दापुऱ्याला मामाकडे वाढला, गुरं राखली, शेती केली. सावकाराशी भांडला. १९०५ मध्ये घर सोडलं. एका हातात खराटा, दुसऱ्या हातात फुटकं गाडगं. ज्या गावात जायचं तिथले रस्ते आधी झाडायचे, रात्री कीर्तन. फुकटचं खायचं नाही, काम करून भाकरी घ्यायची. २० डिसेंबर १९५६ ला गेले. त्यांच्या नावानं २००० मध्ये ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, अमरावती विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. फोटो प्रत्येक नगर परिषदेत आहे. गाडगेबाबांचा फोटो भिंतीवर आणि झाडणाऱ्याला पोर द्यायची नाही, असा आपला हिशोब.

आता जरा सरकारकडे बघू, कारण सगळं समाजावर ढकलून सरकारला मोकळं सोडणं बरं नव्हे.

'शेतीला जोडधंदा करा' हे वाक्य आपण किती वर्षं ऐकतोय? १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. यवतमाळ त्यात होतंच. त्यात जोडउत्पन्न म्हणून दुधाळ जनावरं वाटण्याचा भाग होता. हेतू वाईट नव्हता. पण कोरडवाहू कापूसवाल्याच्या दारात संकरित गाय बांधली, तर तिला हिरवा चारा कुठून? पाणी कुठून? दूध घ्यायला डेअरी किती लांब? जोडधंद्याचं सूत्र वर सांगितलं ना, तेच गिऱ्हाईक, तेच सामान, तीच वाट. गायीत यातलं काहीच जुळत नव्हतं. शेतकऱ्यासाठी तो जोडधंदा नव्हताच, डोक्यावरचा दुसरा धंदा होता. अनेकांनी गाय विकून टाकली आणि आळशी म्हणून शेतकऱ्यालाच नाव ठेवलं गेलं.

त्याउलट भाच्याचं पहा. बादली तीच, फडकी तीच, काच पुसायचं द्रावण तेच. ज्याच्या दुकानाची काच पुसतो त्याचीच गाडी समोर उभी. दहा वाजता काचा संपतात, तिथेच गाडीला हात घालायचा. वरून लागतं काय? छोटा प्रेशर पंप, सीटवरची धूळ ओढायला व्हॅक्युम, थोडे ब्रश-पॉलिश. त्याचा अंदाज सगळं मिळून ४० हजारांचा. आतून-बाहेरून पूर्ण गाडीचे तो ५०० घेणार. महिन्यात २० गाड्या धरल्या तर १० हजार. म्हणजे काचांइतकेच. साबण-पेट्रोल वजा जाता कमी, पण हात तर रिकामे राहणार नाहीत.

पैशासाठी योजना आहेत. मुद्रा योजना ८ एप्रिल २०१५ पासून आहे, तिच्या 'शिशु' गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं, हे काम त्यात बसतं. पण गंमत पुढे आहे. १७ सप्टेंबर २०२३ ला विश्वकर्मा योजना सुरू झाली. १८ पारंपरिक कारागीर-व्यवसाय. त्यात सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, शिंपी, चांभार, धोबी आहेत. अवजारांसाठी १५ हजार, ५ टक्क्यांनी आधी १ लाख, मग २ लाख कर्ज. चांगली योजना आहे, मी टीका करत नाही, माझ्या ओळखीच्या लोकांना फायदा झालाय. पण यादी बघितली की आत्र्यांचा 'गावगाडा' आठवतो की नाही? कपडे धुणारा यादीत आहे, गाडी धुणारा नाही. हातानं काम करणाऱ्याची ओळख सरकारी कागदावरही अजून बलुत्याच्या साच्यात बसते. ज्या कामाला जुनं जातीचं नाव नाही, ते काम कागदाला दिसत नाही. दोन पिढ्यांपूर्वी क्लीनरचं तसंच झालं होतं.

एक आक्षेप मात्र खरा आहे आणि तो पाण्याचा. कुणी म्हणेल, प्यायला पाणी नाही आणि तुम्ही गाड्या धुता? २०१८ चा उन्हाळा यवतमाळकर विसरलेले नाहीत. निळोणा, चापडोह आटले आणि शहर टँकरवर आलं. उघड्या पाईपनं गाडी धुतली तर शेकड्यानं लिटर पाणी जातं. मी हे भाच्याला विचारलं. तो म्हणाला, "मामा, पुण्यात विसाव्या मजल्यावर पाईप नेत नाई कोणी. एका बादलीत पूर्ण मजला पुसून होते." काचा पुसणाऱ्याला पाणी जपायची सवय धंद्यानंच लावलेली. प्रेशर पंपाला उघड्या पाईपापेक्षा पाणी कमी लागतं आणि आतली सफाई तर कोरडीच. दोन बादल्यांत तो गाडी करतो, मी समोर बसून मोजल्या. तेलकट पाणी रस्त्यावर सोडू नये म्हणून चिखल लागलेल्या गाड्या तो दुकानासमोर घेत नाही. खरं तर नगर परिषदेनं गाळ-तेल अडवणारा खड्डा करून एखादी धुण्याची जागा दिली, थोडं भाडं घेतलं, तर असे चार-पाच पोरं तिथे सुखानं काम करतील आणि नालीही वाचेल. एके काळी गावात परिटाचा घाट ठरलेला असायचा. मोटारींना घाट का नको?

शेवटचं सांगतो.

परवा भाच्यानं एक पाटी रंगवून आणली. दुकानाच्या काचा, महिन्याचा दर. छोटी गाडी बाहेरून, दर. आतून-बाहेरून, दर. मोठी गाडी, दर. खाली लिहिलंय, 'उधार नाही. सोमवारी सुट्टी.' मी ती पाटी बराच वेळ पाहत उभा राहिलो. खळ्यावर पदर पसरणाऱ्या बलुतेदाराकडे, उस्तादाच्या मर्जीवर जगणाऱ्या माझ्या बाबांकडे ह्या दोन ओळी नव्हत्या. स्वतःचा दर आणि स्वतःची सुट्टी.

काल माझी जुनी गाडी त्याच्याकडे दिली. सीटखाली दोन वर्षांपूर्वीची शेंगदाण्याची टरफलं निघाली, ती त्यानं मला मुद्दाम दाखवली. मी ५०० रुपये दिले. घेऊ की नको, घेऊ की नको करत होता, मी म्हटलं पाटीवर काय लिहिलंय ते वाच. मग त्याला माफीही मागितली. मामानं भाच्याची माफी मागायची आपल्याकडे रीत नाही, पण मागितली.

मुलीकडच्यांवर माझा राग नाही. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या जागी मी असतो तर मीही हाच निरोप पाठवला असता. म्हणूनच तर एवढं लिहिलं.

तुम्हाला एकच विनंती. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, आपल्या गावात परिटाला, न्हाव्याला, गुरवाला मूळ कामाशिवाय कोणती कामं होती, त्याचं काय मिळायचं, आणि कोण कधी 'नाही' म्हणालं होतं का. नेर, दारव्हा, बाभूळगाव, कारंजा, नांदगाव, कुठलंही गाव चालेल. ते खाली लिहा. आणि ज्यांच्या घरात कुणी ट्रकवर क्लीनर होतं, त्यांनी तर जरूर लिहा. हा इतिहास पुस्तकात फारसा नाही, आपल्या घरात आहे, आणि सांगणारे कमी होत चाललेत.

दसरा जवळ आलाय. गाडी धुवायला कुणाला बोलावलंत तर पैसे देताना घासाघीस करू नका, एवढंच.